भट्टी बाहेर देताना
(भोसरीतल्या एका मशीन शॉपची रोजनिशी, २०२४)

३ जून, सोमवार

पिट फर्नेसच्या रिटॉर्टला पुन्हा तडा गेला. वेल्डिंग करून उद्या भट्टी चालू होईल. पण या खेपेला बाबा, प्रॉडक्शनचे सर आणि मी बसलो आणि ठरवून टाकलं, हीट ट्रीटमेंट बाहेर द्यायची.

हिशोब सरळ आहे. नवी सील्ड क्वेंच भट्टी म्हणजे कोटीच्या घरातला खर्च, आणि आमचे ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे शाफ्ट तिला आठवड्याचे तीन दिवसही पुरणार नाहीत. भट्टी भरलेली असो की अर्धी, ९२० अंशांवर धरून ठेवायला वीज तेवढीच जाते. ज्याच्याकडे दहा जणांचं काम येतं त्याची भट्टी रात्रंदिवस भरलेली असते. त्याला जे परवडतं ते आपल्याला परवडणार नाही.

ग्राइंडिंग मात्र घरातच राहणार. ग्राहक आपल्याकडे येतो तो ग्राइंडिंगच्या मापासाठी. तपासणीही घरातच. यावर कुणाचं दुमत नव्हतं.

प्रश्न भट्टीवरच्या मामांचा निघाला. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी ही भट्टी चालवली. कोणता शाफ्ट कोणत्या टोकाने टांगायचा, कोणत्या लॉटचं पोलाद जरा हट्टी आहे, पावसाळ्यात क्वेंचिंग ऑइलमध्ये पाणी उतरलंय हे कशावरून ओळखायचं, हे सगळं त्यांना ठाऊक आहे आणि त्यातलं फार थोडं कागदावर आहे. सर म्हणाले, मामांना स्टोअरला घेऊ. मी नको म्हटलं. काम बाहेर जाईल, पण ते काम बरोबर झालं की नाही हे सांगणारा माणूस घरात हवा. मामा क्वालिटीत येतील. दोन महिने त्यांच्याजवळ आमची नवी डिप्लोमावाली मुलगी बसेल आणि ते बोलतील ते लिहून घेईल.

६ जून, गुरुवार

गुरुवार, आमच्या शॉपच्या सुट्टीचा वार. दुपारी बोईंगच्या ७८७ विमानाची हकिगत पुन्हा काढून वाचली. बाहेर काम देण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मला वाटतं.

पंख, धड, शेपटी असे मोठमोठे भाग बोईंगने जपान, इटली आणि अमेरिकेतल्याच इतर कंपन्यांकडे दिले. नुसती बनावट नाही, बऱ्याच भागांचं डिझाइनही. आपण फक्त जोडणी करायची, अशी कल्पना. ८ जुलै २००७ ला पहिलं विमान वाजतगाजत बाहेर आणलं तेव्हा त्यात अनेक ठिकाणी तात्पुरते फास्टनर होते आणि आत बरंच काही बसवायचं राहिलं होतं. भागीदारांकडून आलेले भाग अपुरे होते. पहिलं विमान ग्राहकाच्या हाती गेलं सप्टेंबर २०११ मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा तीन वर्षांहून अधिक उशिरा. मधल्या काळात, २००९ मध्ये, एका भागीदाराचा साउथ कॅरोलायनातला कारखाना बोईंगला विकत घ्यावा लागला.

याहून मला लागून राहते ती दुसरी गोष्ट. बोईंगमध्येच काम करणाऱ्या हार्ट-स्मिथ नावाच्या इंजिनिअरने २००१ मध्ये एक निबंध वाचला होता. कामाबरोबर नफाही बाहेर जातो, आणि बाहेर दिलेल्या कामाला मूळ कंपनीने तिथे जाऊन तांत्रिक आणि गुणवत्तेची मदत करायची असते, त्याचा खर्च आधीच धरायचा असतो, असा त्याचा सांगावा. सावध करणारा माणूस घरातच होता. त्याचं ऐकलं गेलं नाही, याचं मला आज इतक्या वर्षांनीही वाईट वाटतं.

आम्ही बोईंग नाही. पण आमची भोसरी तरी दुसऱ्या कशातून उभी राहिली? साठच्या दशकात पिंपरीत टेल्को आणि आकुर्डीत बजाज आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मोठ्यांनी बाहेर दिलेल्या कामावर लहान शेड उभ्या राहिल्या. बाबांची पहिली लेथ अशाच एका कामावर चालली. आम्ही स्वतःच कुणाचे तरी बाहेरचे भागीदार आहोत. तेव्हा आपल्याला कसं वागवलेलं आवडतं आणि कसं आवडत नाही, ते या कामात वापरता आलं पाहिजे.

१० जून, सोमवार

तीन कोटेशन आली. पर्चेसच्या मुलाने भावाप्रमाणे एकाखाली एक लावून दिली, सर्वांत स्वस्त वर. स्वस्त आणि महाग यांत किलोला चार रुपयांचा फरक. सव्वातीन किलोच्या शाफ्टला तेरा रुपये. महिन्याच्या नगसंख्येने गुणलं की आकडा डोळ्यांत भरतो, आणि तिथेच थांबलं तर निर्णय चुकतो.

दुपारी त्याला आणि त्या डिप्लोमावाल्या मुलीला फळ्यासमोर घेऊन बसले. ड्रॉइंग सांगतं, तयार शाफ्टवर केस डेप्थ ०.८० ते १.१० मिलिमीटर हवी. केस म्हणजे कार्बन शिरून कडक झालेला वरचा थर, आतला गाभा चिवट. भट्टीतून शाफ्ट निघतो तेव्हा थर समजा १.०५ आहे. ग्राइंडिंगला आम्ही बाजूला ०.१५ ठेवतो. उरलं ०.९०, उत्तम. आता तोच शाफ्ट भट्टीत आडवा टाकला, बास्केटमध्ये कोंबला, तेलात वेडावाकडा बुडाला, तर तो वाकतो. सेंटर ०.१५ ने सरकलं की ग्राइंडिंगमध्ये एका बाजूने ०.३० जातं आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ काहीच नाही. एका अंगाला उरतं ०.७५. ड्रॉइंगच्या बाहेर.

यातली घातक गोष्ट अशी की हे दिसत नाही. वरून रॉकवेल लावा, ५९-६० दाखवेल. माप बरोबर, चकाकी बरोबर, कडकपणा बरोबर. नग कापून, पॉलिश करून, कडेपासून आत टप्प्याटप्प्याने मायक्रो विकर्स घेत ५५० पर्यंत उतरलात तरच कळतं. नाहीतर दोन-तीन हंगामांनी कुठल्यातरी शेतात नांगरणी चालू असताना कळतं.

मग पुन्हा कोटेशन मांडली. प्रत्येक भावात सरळ करायची प्रेस, जादा ग्राइंडिंग, कापून तपासायचे नग, नेण्या-आणण्याचं भाडं, वाट बघण्यात अडकलेला माल, एवढं धरलं. क्रम उलटा झाला. रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये हेच विचारलं होतं की बाजारात सगळं मिळतं तर कंपन्या असतात कशाला? त्याचं उत्तर, बाजारातून घेण्यालाही खर्च असतो: शोधण्याचा, बोलणी करण्याचा, तपासण्याचा. आमच्या पर्चेसच्या मुलाला मी कोज सांगितला नाही. प्रत्येक कोटेशनपुढे 'आपल्या दारात तयार नगाचा खर्च' असा एक रकाना काढायला लावला.

१४ जून, शुक्रवार

तिन्ही ठिकाणी जाऊन आलो. मामा सोबत होते.

पहिल्या ठिकाणी रिसेप्शनमध्ये भिंतभर सर्टिफिकेटं. मी मागितला तो शेवटचा नापास झालेला टेस्ट रिपोर्ट. मालक हसून म्हणाले, आमच्याकडे नापास होतच नाही. भट्टीच्या धंद्यात हे वाक्य ऐकलं की मी वही मिटते. कागदावरच्या मानाची किंमत २००९ च्या जानेवारीत सगळ्या देशाने पाहिली आहे. सत्यमला सप्टेंबर २००८ मध्ये कंपनी कारभाराच्या उत्तमतेसाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता, आणि चार महिन्यांत अध्यक्षांनीच हिशोब खोटे असल्याची कबुली दिली. सर्टिफिकेट असावंच, त्याशिवाय मोठ्या ग्राहकाच्या दारात उभं राहता येत नाही. पण त्याने फक्त आत शिरायची परवानगी मिळते.

दुसरं ठिकाण चाकणला. देखणी शिस्त, प्रत्येक लोडचा ग्राफ संगणकावर. पण त्यांच्या मोठ्या ग्राहकांच्या मालापुढे आमचा लॉट म्हणजे कोपऱ्यातली दोन बास्केट. घाईच्या दिवशी कोण मागे राहणार हे विचारायची गरज नव्हती. शिवाय चाकण चौकातली वाहतूक.

तिसरं इथेच, भोसरीत. शेड जुनी, जागा अरुंद, बाहेर चिखल. आत भट्टीवरच्या मुलाला मामांनी विचारलं, थर्मोकपल कधी बदललं? मुलाने मालकाकडे न बघता तारीख सांगितली आणि रजिस्टर उघडून दाखवलं. हीट ट्रीटमेंटच्या सीक्यूआय-९ मानकाप्रमाणे तिमाहीची अचूकता तपासणी आणि वर्षाची तापमान-सारखेपणाची तपासणी, दोन्ही झालेल्या. शाफ्टसाठी उभी टांगायची फिक्स्चर होती, दोन वाकलेली होती आणि त्यांना लाल खूण करून बाजूला ठेवलेलं होतं. नापास रिपोर्ट मागितला तर त्यांनी तीन काढले. एकावर कारण लिहिलं होतं, 'टेम्परिंगला लोड उशिरा गेला, शिफ्ट बदलताना सांगायचं राहिलं.' पुढे उपाय लिहिलेला, त्याखाली सही.

परत येताना मामा एवढंच म्हणाले, "ताई, इथला पोरगा भट्टीशी बोलतो."

२० जून, गुरुवार

तिसऱ्या ठिकाणचे मालक आज आमच्याकडे आले. सुट्टी असल्याने शॉप शांत होतं, बोलायला बरं. मला वाटलं भावाचं बोलतील. त्यांनी आधी विचारलं, तुमच्याकडे येणारं पोलाद कोणत्या मिलचं, हीट नंबर नगापर्यंत पोचतो का, आणि सॉफ्ट मशीनिंगनंतर शाफ्टमध्ये ताण राहतो तो काढायची काय सोय आहे? कारण सगळा वाक भट्टीत येत नाही, काही तुमच्या लेथवरूनच येतो. बरोबर बोलले. यावर त्यांचं आणि सरांचं दीड तास चाललं आणि मला फार समाधान वाटलं. जो आपल्याला प्रश्न विचारतो त्याला आपलं काम कळायला हवं असतं.

मग पैशांचं. म्हणाले, मॅडम, भाव कमी करायला मी तयार आहे, पण पैसे वेळेवर यायला हवेत. एका मोठ्या पार्टीने पाच-पाच महिने लावल्यामुळे मला तेल बदलायचं पुढे ढकलावं लागलं होतं. तेल जुनं झालं की कडकपणा हलतो, आणि मग तीच पार्टी डेबिट नोट पाठवते.

हे मी पर्चेसमध्ये सगळ्यांना सांगणार आहे. लहान उद्योगाचं देणं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, हे २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. आता प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम आलंय. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देऊ तेव्हाच. सीए त्याचा धाक दाखवतात. मला धाकापेक्षा ते तेल महत्त्वाचं वाटतं. भागीदाराचा पैसा अडवणं म्हणजे आपल्याच मालाचा कडकपणा अडवणं.

३० दिवसांत पैसे देऊ असं मी लिहून दिलं.

३० जून, रविवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. काल माउलींची आळंदीहून निघाली, आणि दिघीच्या बाजूचे रस्ते बंद राहणार हे गृहीत धरून ट्रायल लॉट शुक्रवारीच भट्टीकडे पाठवला होता. आज तो परत आला. दहापैकी दोन नग कापले, कडेपासून मोजले. केस १.०४ आणि १.०७. वाक सगळ्यांचा ०.०८ च्या आत.

ग्राहकाला कळवलं आहे. प्रक्रियेची जागा बदलली की त्यांची मंजुरी लागते, नमुने, रिपोर्ट, पूर्ण पीपीएपी. न कळवता बदल करणारे पुष्कळ असतात. हे मला पटत नाही. ट्रॅक्टरवर नाव त्यांचं आहे.

चलनाचंही आज नीट लावून घेतलं. जॉबवर्कला गेलेला माल जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात आणि कर व्याजासकट मागे लागतो. कापलेल्या नमुन्यांचे तुकडेसुद्धा चलनावर परत आले पाहिजेत.

१५ जुलै, सोमवार

भट्टीसारखीच कसोटी कामगारांच्या कंत्राटाला लावायची, हे मी दर महिन्याच्या या तारखेला करते, कारण १५ तारीख ही पीएफ आणि ईएसआय भरायची शेवटची तारीख.

आमच्याकडे पॅकिंग आणि साफसफाईची माणसं कंत्राटदाराची आहेत. त्याने बिलासोबत चलनाची प्रत जोडली म्हणजे झालं असं बऱ्याच ठिकाणी मानतात. चलन एकत्र असतं. त्यात आपल्याकडच्या माणसांची नावं आहेत का, हे वेगळं बघावं लागतं. म्हणून आमच्या एचआरच्या बाई ईसीआरची, म्हणजे पीएफच्या विवरणाची, यादी मागतात, हजेरीशी ताडून बघतात, आणि दोन-तीन जणांना त्यांच्याच मोबाइलवर यूएएनचं पासबुक उघडायला सांगतात. पैसे जमा दिसले तर बिल पास.

कायदा इथे फार स्पष्ट आहे आणि मला तो न्याय्य वाटतो. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ ने ती मूळ मालकाने द्यायची, नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायची. ईएसआयचंही तसंच. माझ्या शेडमध्ये पहाटे झाडू मारणाऱ्या बाईचा पगार कुणाच्याही खात्यातून गेला तरी तिच्या पोटाची जबाबदारी माझ्या गेटच्या आत आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत विचार केलेला आहे, ही गोष्ट बाहेर फार सांगितली जात नाही. १९६९ चा माथाडी कायदा घ्या. हमाल कुणा एका मालकाचे नोकर नसतात, आज इथे उद्या तिथे. म्हणून मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने हमालांना पगार, पीएफ, बोनस, रजा द्यायची, अशी रचना केली. आजही त्याच्या अंमलावरून कारखानदारांचे वाद होतात, त्यातले काही खरेही आहेत, पण बाहेरून काम घेऊनही माणसाला वाऱ्यावर सोडायचं नाही ही त्यामागची कल्पना मोठी आहे. आणि पुण्याचं स्वच्छ! कचरावेचकांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतून उभी राहिलेली सहकारी संस्था, आणि महापालिकेने २००८ मध्ये घरोघरच्या कचऱ्याचं काम तिच्याकडे दिलं. काम बाहेर देताना ते कुणाला दिलं तर शहराचंही भलं होईल, असा प्रश्न तिथे कुणीतरी विचारला होता. सर्वांत कमी दराच्या निविदेतून ही संस्था कधीच निघाली नसती.

२० जुलै, शनिवार

काल जगभर संगणक निळे पडले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. हाताने लिहायची सोय ज्यांनी ठेवली होती ते निदान हलत राहिले.

आमच्याकडे टॅलीचा बॅकअप आणि चालू ड्रॉइंगचा छापील संच स्टोअरला आहे. भट्टीच्या रेसिपीचा, म्हणजे तापमान, वेळ, कार्बन पोटेन्शियल यांचा, छापील संच दोन्हीकडे ठेवायचं ठरवलं. मालक तयार झाले. रेसिपी त्यांची, शाफ्ट आमचा, कागद दोघांकडे.

२६ जुलै, शुक्रवार

परवा रात्रीपासूनचा पाऊस. काल सिंहगड रस्त्याला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, खडकवासल्यातून पाणी सोडत होते. इकडे भोसरीत मध्यरात्री वीज गेली.

काल सकाळी सात वाजता भट्टीच्या मालकांचा फोन. "मॅडम, तुमचा लोड आत होता. चाळीस मिनिटं लाइट नव्हती. डीजीवर पंखे, पंप आणि हायड्रॉलिक चालतात, हीटर नाही. तापमान ८४० पर्यंत उतरलं. परत चढवून वेळ वाढवला, पण टेस्ट पीस मला पटत नाही. माल वेगळा काढून लाल कार्ड लावलंय. तुम्ही येऊन बघा, तोवर मी पुढे पाठवत नाही."

सुट्टी असूनही मामा आणि मी गेलो. पाण्यातून गाडी घालणं बरं नव्हतं, पण गेलो. नग आणून कापले. ०.९२ आणि ०.९७. ग्राइंडिंगचे ०.१५ वजा केले की एक ०.७७ वर येतो. नाहीच चालणार.

त्यांनी कुणाला न सांगता हा लोड पाठवला असता तर? वरून कडकपणा ६० च्या आसपासच होता. आम्ही दर लॉटमधून नग कापतो, पण नशिबाने नेमका ०.९७ वाला हाती आला असता तर लॉट पास झाला असता. निवड करताना आपण भाव बघतो, क्षमता बघतो, अंतर बघतो. हा फोन येईल की नाही हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मला वाटतं त्याची चाहूल त्या तीन नापास रिपोर्टांत होती. ज्याने स्वतःच्या शिफ्टची चूक सही करून फाइलला लावली तो पावसातल्या सकाळी फोन करतो.

आता माझी पाळी. ग्राहकाला आजच कळवलं की हा लॉट आठ दिवस उशिरा येईल आणि का. पुन्हा कार्बुरायझिंग केलं तर वाक किती वाढतो हे मामांच्या सांगण्यावरून आधी चार नगांवर बघणार. भट्टीचा खर्च त्यांनी सोसला, पोलादाचं आणि मशीनिंगचं नुकसान झालंच तर निम्मं-निम्मं. डेबिट नोट काढायची नाही असं मी पर्चेसला सांगितलं. ती काढली तर पुढचा फोन येणार नाही.

३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले, बहुतेक सहकारी आणि ग्रामीण बँका. त्यांचं संगणकाचं काम सी-एज नावाची कंपनी बघते, टीसीएस आणि स्टेट बँकेची संयुक्त. तिथे रॅन्समवेअरचा हल्ला झाला म्हणून एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं, मग पुन्हा जोडलं. हल्ल्याची वाट तिच्याशी जोडलेल्या आणखी एका सेवा कंपनीतून निघाली असं संशोधकांचं म्हणणं वाचलं.

गावच्या बँकेच्या खातेदाराने बँक निवडली होती. बँकेने सी-एज निवडली होती. तिसऱ्याचं नाव त्या खातेदाराने कधी ऐकलंही नसेल, आणि यूपीआय त्याचा बंद पडला.

लगेच दोन फोन केले. भट्टीच्या मालकांना विचारलं, गर्दी झाली तर तुम्ही आमचा माल दुसऱ्या भट्टीवर देता का? म्हणाले, शॉट ब्लास्टिंग शेजारच्या शेडमध्ये होतं, बाकी काही नाही. त्या शेजारच्या शेडचं नाव करारात घालायचं ठरलं. दुसरा फोन पगारपत्रकाचं काम करणाऱ्या ऑफिसला: आमच्या लोकांची आधार आणि बँकेची माहिती कुठल्या सर्व्हरवर आहे, कुणाकुणाच्या हातात आहे? उत्तर सोमवारी लेखी देतो म्हणाले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी उत्तरदायी ती गोळा करणाराच राहतो.

५ ऑगस्ट, सोमवार

कराराचा मसुदा. वकिलांनी दंडाची कलमं भरपूर घातली होती. ती कमी केली आणि वेगळं व्हायची कलमं वाढवली: तीन महिन्यांची सूचना, रेसिपी आणि फिक्स्चरची ड्रॉइंग परत, चालू माल पुरा करून देणं. सुरुवात गोडीत असतानाच शेवटाची बोलणी करावीत. तेव्हाच ती शांतपणे होतात.

बाबांचा आग्रह दुसऱ्या भट्टीसाठीही होता. एकाच ठिकाणी सगळी अंडी नकोत हे मलाही मान्य, पण माल निम्मा-निम्मा वाटून दोघांनाही आपण नकोसे व्हायचं, हे नको. यावर टोयोटाचा दाखला दिला. १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन कंपनीच्या कारियातल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटा जवळजवळ पूर्णपणे तिथूनच घ्यायची आणि साठा एखाद-दुसऱ्या दिवसाचा. जपानमधले तिचे कारखाने बंद पडले. पण ड्रॉइंग वाटली गेली आणि दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा मिलिंग मशीनवर व्हॉल्व्ह काढले. आठवड्याभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. एकाच ठिकाणी काम देणं धोक्याचं होतं हे खरंच. तारलं ते वर्षानुवर्षं सांभाळलेल्या लोकांनी. कराराचा कीस काढत बसायला तेव्हा वेळ कुणाकडे होता?

तोडगा निघाला. मुख्य काम भोसरीत. चाकणच्या भट्टीकडे दर महिन्याला एक लहान लॉट, त्याच रेसिपीवर, ग्राहकाची मंजुरी घेऊन. त्यांचा भाव थोडा जास्त आहे. तो जास्तीचा खर्च मी विम्याच्या हप्त्यात धरला आहे.

१२ ऑगस्ट, सोमवार

भोसरीच्या भट्टीचं आमचं पहिलं रीतसर ऑडिट. मी गेले नाही. मामा आणि डिप्लोमावाली मुलगी गेले. मामांना इंग्रजी चेकलिस्ट वाचता येत नाही म्हणून मुलीने ती आधी मराठीत लिहून काढली आणि लिहिताना त्यात पाच प्रश्न मामांचे घातले. ऑइलचं तापमान लोड बुडण्याआधी मोजता की नंतर? पावसाळ्यात तेलातलं पाणी किती दिवसांनी तपासता? रात्रीच्या शिफ्टला लाल कार्ड लावायचा अधिकार कुणाला?

संध्याकाळी अहवाल आला. तीन बाबी. तेलातल्या पाण्याची तपासणी महिन्याला होते, पावसाळ्यात ती आठवड्याला हवी. वाकलेल्या फिक्स्चरांच्या कपाटाला कुलूप आहे पण किल्ली बोर्डावर, कुणीही घेऊ शकतं. आणि वीज गेल्यावर काय करायचं याची सूचना भट्टीजवळ लावलेली नाही, ती मालकाच्या डोक्यात आहे. पहिल्या दोन्हींना मालकांनी ३१ ऑगस्टची तारीख दिली. तिसऱ्याचा मजकूर मामांनी तिथेच बसून सांगितला, मुलीने लिहिला, मालकांनी दोन ओळी बदलल्या. उद्या टाइप करून पाठवायचा आहे.